रिचर्ड बॉईल, अर्ल ऑफ कॉर्क : हिशेबाची वही आणि पंधरा मुलं

प्रश्न असा आहे : ‘बॉईलचा नियम ज्याच्या नावाने आपण शाळेत शिकतो, त्या रॉबर्ट बॉईलचा बाप सत्तावीस पौंड घेऊन आयर्लंडला उतरला आणि पुढे तिथला सर्वांत श्रीमंत माणूस झाला, असं वाचलं. यात खरं किती? आणि त्याला पंधरा मुलं होती म्हणतात, तर बाकीच्यांचं काय झालं?’

सत्तावीस पौंडांची गोष्ट खरी धरायला हरकत नाही. फक्त ती सांगणारा माणूस स्वतः रिचर्ड बॉईलच आहे, एवढं ध्यानात ठेवा. सतराव्या शतकातल्या आयरिश जमीनदार घराण्यांची खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि रोजनिश्या वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून माझं मत असं की, बॉईलने लिहिलेला आकडा सहसा पक्का असतो, त्यामागचं कारण मात्र तो स्वतःच्या सोयीने लिहितो. १६११पासून मरेपर्यंत त्याने रोजनिशी ठेवली. कुणाला किती कर्ज दिलं, कुणाला घोडा भेट दिला, कुठल्या मुलीची सोयरीक कितीला ठरली, मूल किती वाजता जन्मलं, सगळं एकाच शाईत आणि एकाच सुरात. राजकारण आणि घरसंसार यांच्या दोन वह्या त्याने कधी केल्याच नाहीत. म्हणून ‘राजकारणी म्हणून कसा होता’ आणि ‘कुटुंब कसं होतं’ ही दोन उत्तरं मलाही वेगळी देता येणार नाहीत.

त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १५६६चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. घरातला दुसरा मुलगा, म्हणजे वडिलार्जित जमिनीवर हक्क जवळजवळ नाही. वडील रॉजर लहानपणीच गेले, आई जोन नेलर १५८६मध्ये गेली. केंब्रिजला थोडं शिक्षण, मग लंडनला कायद्याचा अभ्यास आणि सर रॉजर मॅनवुड या न्यायाधीशाकडे कारकुनी. कारकुनीत पुढे काही दिसेना, तेव्हा त्याने आयर्लंडचा रस्ता धरला. २३ जून १५८८ रोजी तो डब्लिनला उतरला. जवळ २७ पौंड ३ शिलिंग रोख, आईने दिलेली हिऱ्याची अंगठी आणि सोन्याचं कडं. पुढे कपड्यांची यादी येते : तफेत्याचं जाकीट, काळ्या मखमलीची लेस लावलेली तुमान, एक नवा कोरा सूट, दोन झगे, शिवाय तलवार आणि खंजीर. साठीच्या घरात पोचलेला, अमाप जमिनीचा मालक झालेला माणूस चाळीसएक वर्षांपूर्वीच्या तुमानीची लेस आठवून लिहितो, यातच त्याचा स्वभाव कळतो. आणि यादी नीट वाचली तर तो ‘कफल्लक’ वगैरे नव्हता हेही दिसतं. दरबारात उभं राहण्याजोगा पोशाख हेच त्याचं भांडवल होतं.

नोकरी मिळाली ती मात्र नेमकी हवी तशी. राजाकडे जमा होणाऱ्या जमिनींचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा तो दुय्यम झाला. वारस नसलेली, बंडखोराची म्हणून जप्त झालेली किंवा कागदोपत्री हक्क सिद्ध न होणारी जमीन राजाची. आयर्लंडमधल्या जुन्या गेलिक (मूळ आयरिश) आणि नॉर्मन घराण्यांचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीवर चालत आलेले, इंग्रजी कायद्याला लागतो तसा कागद अनेकांकडे नव्हताच. बॉईल असे कच्चे हक्क हुडकायचा. जमिनीची किंमत कागदावर कमी पडायची, राजाकडून ती स्वस्तात दुसऱ्याच कुणाच्या नावाने सुटायची आणि काही दिवसांनी बॉईलकडे यायची. सरकारी तपासनीस तोच आणि पडद्याआडचा गिऱ्हाईकही तोच. डब्लिनमधल्या वरिष्ठांनी, विशेषतः सर हेन्री वॉलपने, त्याच्यावर आरोप ठेवले. १५९०च्या दशकात त्याला एकदा नव्हे, अनेकदा कोठडी बघावी लागली. स्वतःच्या आठवणींत तो याला शत्रूंचा मत्सर म्हणतो. वॉलप काही धुतल्या तांदळासारखा नव्हता हे खरंच, पण आरोप खोटे होते असं समजायला मला कागदांत आधार सापडत नाही.

पहिलं लग्न ६ नोव्हेंबर १५९५ला, लिमरिकच्या जोन ॲप्सलीशी. ती वडिलांच्या दोन वारसदार मुलींपैकी एक, आणि तिच्याबरोबर वर्षाला पाचशे पौंडांचं उत्पन्न आलं. डिसेंबर १५९९मध्ये मॅलो इथे बाळंतपणात ती गेली, मूलही मृतच जन्मलं. दोघांना बटेवंटला पुरलं. त्याआधीच, १५९८मध्ये, मन्स्टर प्रांतात बंड उसळून बॉईलचं होतं नव्हतं ते धुऊन गेलं होतं. तो पळून लंडनला आला, तर वॉलपचे आरोप पाठोपाठ हजर. पुन्हा कैद. शेवटी प्रकरण खुद्द एलिझाबेथ राणीपुढे गेलं. बॉईल सांगतो की त्याने वॉलपच्याच हिशेबातल्या गफलती तिथे मांडल्या आणि राणीने त्याला मोकळं केलं. संवाद त्याने स्वतःला शोभेल असे रंगवले आहेत, पण निकाल खरा, कारण १६००मध्ये तो मन्स्टरच्या प्रांतिक मंडळाचा चिटणीस होऊन परतला.

याच काळातली किन्सेलची दौड तुमच्या वाचनात आली असेल. १६०१च्या नाताळात किन्सेलला इंग्रजांनी आयरिश सरदारांचा आणि त्यांच्या मदतीला आलेल्या स्पॅनिश फौजेचा पराभव केला. ती खबर राणीकडे नेण्याचं काम बॉईलकडे आलं. तो लिहितो की सोमवारी पहाटे दोनला कॉर्कजवळच्या किल्ल्यावरून निघालो आणि दुसऱ्या दिवशी रात्री लंडनला राणीचा मंत्री रॉबर्ट सेसिल याच्या घरी जेवलो. मध्ये समुद्र आहे, हिवाळा आहे, पलीकडे ब्रिस्टलपासून लंडनपर्यंतचे रस्ते आहेत. वारा अगदी मनासारखा मिळाला तरी हे जमणं फार कठीण. मी हे वाक्य आत्मचरित्राचा नमुना म्हणून वाचतो, प्रवासाची नोंद म्हणून नाही.

खरी उडी १६०२च्या डिसेंबरची. डेस्मंडच्या फिट्झजेराल्ड अर्लनी १५७९ ते १५८३ या काळात बंड केलं, ते चिरडल्यावर त्यांच्या जप्त जमिनी इंग्रज वसाहतवाल्यांना वाटल्या गेल्या. त्यातला मोठा लचका, ४२ हजार एकरांचा, राणीच्या दरबारातला दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले याच्या वाट्याला आला होता. युद्धाने उजाड झालेली, कुळं पळून गेलेली ही जमीन रॅलेच्या गळ्यात धोंड झाली होती. बॉईलने ती १,५०० पौंडांना घेतली. त्यात लिस्मोरचा किल्ला होता, यॉल बंदर होतं, ब्लॅकवॉटर नदीचं खोरं होतं. वर्षभरात रॅलेवर राजद्रोहाचा ठपका आला आणि तो लंडनच्या टॉवरमध्ये गेला. राजद्रोह्याची मालमत्ता राजाकडे जमा होते हे बॉईलएवढं कुणाला ठाऊक असणार! त्याने धावपळ करून नव्या राजाकडून, पहिल्या जेम्सकडून, १६०४मध्ये स्वतःच्या नावाची सनद करून घेतली. तरी रॅलेच्या बायकोचा आणि मुलाचा तगादा पुढे वर्षानुवर्षं चालूच राहिला. १६१७मध्ये रॅले शेवटच्या सफरीवर निघताना कॉर्कला थांबला, तेव्हा बॉईलने त्याची सरबराई केली, आणि व्यवहार चोख झाला होता असं त्याच्या तोंडून वदवून घेतलं. निदान बॉईल तसं सांगतो.

दुसरं लग्न २५ जुलै १६०३चं. वधू कॅथरीन फेंटन, आयर्लंडचा राज्य सचिव सर जेफ्री फेंटन याची मुलगी. तिच्या आईचे वडील रॉबर्ट वेस्टन आयर्लंडचे लॉर्ड चान्सलर. त्याच दिवशी बॉईलला सर ही पदवी मिळाली. म्हणजे ज्या डब्लिनच्या कचेरीने त्याला कोठडीत घातलं होतं, तिच्या माजघरात तो एका दिवसात जावई म्हणून शिरला. कॅथरीनबद्दल त्याने जे लिहिलं त्यात मात्र मला हिशेबीपणा दिसत नाही. आपल्या सगळ्या सुखांवरचा मुकुट, असं तो तिला म्हणतो. २६ वर्षांच्या संसारात त्यांना पंधरा मुलं झाली, सात मुलगे आणि आठ मुली. थोरला रॉजर नऊ वर्षांचा असताना इंग्लंडमध्ये वारला, जेफ्री तान्हेपणी गेला, शेवटची मार्गारेट लहानपणीच गेली. बाकी बारा मोठी झाली. त्या काळच्या मानाने हे नशीबच.

इथे तारखांचा एक घोळ सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही शोधायला गेलात तर गोंधळ होणार नाही. इंग्रजी अंमलात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे रॉबर्टचा जन्म काही ठिकाणी जानेवारी १६२६ आणि काही ठिकाणी १६२७ असा दिसतो. आपल्या पद्धतीने २५ जानेवारी १६२७ हेच बरोबर. कॅथरीनच्या मृत्यूचंही तसंच, ती १६ फेब्रुवारी १६३०ला गेली. वंशावळींमध्ये एकाच माणसाचे दोन-दोन जन्म आढळतात ते बहुधा यामुळे.

पदांची चढण भराभर सांगतो. १६१३च्या आयरिश पार्लमेंटमध्ये तो लिस्मोरचा प्रतिनिधी होता. १६१६मध्ये यॉलचा बॅरन, १६२०मध्ये अर्ल ऑफ कॉर्क. पहिल्या जेम्सच्या काळात अशा पदव्यांना भाव असे आणि बॉईलने तो मोजला. भाऊ जॉनला कॉर्कचा बिशप करून घेतलं, त्याच्यामागून चुलतभाऊ रिचर्ड त्याच गादीवर आला. चर्चच्या जमिनी भाडेपट्ट्याने हव्या असतील तर बिशप घरातला असलेला बरा. १६२९ ते १६३३ या काळात तो आणि लॉर्ड चान्सलर ॲडम लॉफ्टस असे दोघे मिळून राजप्रतिनिधी म्हणून आयर्लंडचा कारभार बघत होते, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. कॅथलिकांवर त्याचा हात जड होता. १६२९च्या नाताळात डब्लिनच्या कुक स्ट्रीटवरच्या फ्रान्सिस्कन मठावर छापा घातला गेला, दंगल झाली आणि शहरातले मठ बंद केले गेले. १६३१मध्ये तो आयर्लंडचा खजिनदार झाला. स्वतःच्या मुलखात त्याने बँडन शहर तटबंदीसह वाढवलं, लोखंडाच्या भट्ट्या काढल्या, इंग्रज प्रोटेस्टंट कुळं आणून बसवली. १६४१च्या आधी आपलं उत्पन्न दिवसाला पन्नास पौंड होतं असं तो म्हणतो. वर्षाचे अठरा हजारांवर झाले, आणि त्याच्या बाकीच्या कागदांशी हा आकडा जुळतो. तेव्हा ‘आयर्लंडमधला सर्वांत श्रीमंत’ या म्हणण्याला माझी हरकत नाही.

आता मुलांची लग्नं. माणूस कळायचा असेल तर इथे थांबायला हवं. बॉईलकडे जमीन होती, पदवी होती, पण कुळाला जुनेपणा नव्हता. कँटरबरीच्या धाकट्या पोराला डब्लिनमध्ये ‘उपटसुंभ’ म्हणणारे कमी नव्हते. जुनेपणा विकत मिळत नाही, पण सोयरिकीने येतो. त्यात कायदाही त्याच्या मदतीला होता. बाप मेलेल्या अज्ञान वारसाचं पालकत्व राजाकडे जाई आणि राजा ते विके. पालकत्व घेतलं की त्या मुलाची इस्टेट सांभाळायची, त्याला हव्या त्या धर्मात वाढवायचं आणि हवं तिथे त्याचं लग्न लावायचं. बॉईलने डेव्हिड बॅरी या जुन्या नॉर्मन घराण्याच्या पोराचं पालकत्व मिळवलं आणि १६२१मध्ये थोरली ॲलिस त्याला दिली. तो पुढे अर्ल ऑफ बॅरिमोर झाला. किल्डेअरचा सोळावा अर्ल जॉर्ज फिट्झजेराल्ड, म्हणजे आयर्लंडमधल्या सगळ्यात मानाच्या घराण्यांपैकी एकाचा वारस, याचंही पालकत्व त्याने विकत घेतलं आणि १६३०मध्ये त्याला जोन दिली. वर पदरच्या पैशाने जावयाचा मेनूथचा पडका किल्ला दुरुस्त करून दिला. जावई उधळ्या निघाला.

दशमग्रह म्हणावा असा जावई मात्र जॉर्ज गोरिंग. लेटिसबरोबर १६२९मध्ये दहा हजार पौंड हुंडा मोजला. इतकी रक्कम देऊन घरात आला तो जुगारी, कर्जबाजारी, दिसायला देखणा आणि बोलायला गोड दरबारी. हुंडा उडाला, पुन्हा मागणी आली. रोजनिशीत गोरिंगचं नाव आलं की समोर बहुतेक आकडा असतो. पुढे तो इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाचा नामांकित घोडदळ सेनापती झाला, पण त्याने लेटिसचा संसार काही सुधारला नाही. सारा दोनदा उजवली गेली. पहिला नवरा थॉमस मूर लवकर वारला, मग लॉर्ड डिग्बी. डोरोथी राथफार्नमच्या लॉफ्टस घरात गेली.

आईचंच नाव असलेल्या मुलीची, कॅथरीनची, गोष्ट सगळ्यांत बोचरी. नऊ-दहा वर्षांच्या वयात तिची सोयरीक लेस्टरशरच्या बोमाँट घराण्यात ठरली आणि तिला तिकडे, भावी सासरी वाढायला पाठवलं. काही वर्षांनी पैशाच्या वाटाघाटीत १६२८मध्ये ते मोडलं. मुलगी परत आली आणि दोन वर्षांत आर्थर जोन्सशी, पुढच्या व्हायकाउंट रॅनेलाशी, तिचं लग्न लावून दिलं. नवरा दारुडा. अख्ख्या पिढीतली बहुधा सर्वांत तल्लख व्यक्ती बापाने सगळ्यांत वाईट सौद्यात घातली, असं मला वाटतं.

मुलग्यांची लग्नं लंडनच्या दरबाराकडे बघून ठरली. वारस रिचर्डचं लग्न १६३०च्या दशकाच्या मध्याला एलिझाबेथ क्लिफर्डशी झालं, कंबरलंडच्या अर्लची वारसदार ती. सोळा वर्षांच्या फ्रान्सिसचं १६३९मध्ये व्हाइटहॉलला राजाराणीसमक्ष एलिझाबेथ किलिग्रूशी लग्न लावलं आणि काही दिवसांतच पोराला धाकट्या रॉबर्टबरोबर जिनिव्हाला शिकायला धाडलं. नवरी दरबारात राहिली. १६५०मध्ये तिला दुसऱ्या चार्ल्सपासून मुलगी झाली. बॉईल तोवर हयात नव्हता, हे त्याच्या दृष्टीने बरंच म्हणायचं.

या सगळ्यात एकच मूल ‘नाही’ म्हणालं. मेरी, धाकट्यांपैकी. चौदाएक वर्षांची असताना लॉर्ड क्लॅनबॉयच्या वारसाशी, जेम्स हॅमिल्टनशी, तिचं ठरलं. मुलगा चांगला, जमीन मोठी, बापाचा शब्द गेलेला. ती ऐकेना. रागावणं झालं, समजावणं झालं, घोडं तिथेच अडलं. सोयरीक मोडली. मग लंडनला असताना चार्ल्स रिच तिच्या मागे लागला. तो वॉरिकच्या अर्लचा धाकटा मुलगा, म्हणजे रिचर्ड बॉईल स्वतः एकेकाळी होता तसाच, इस्टेटीवर हक्क नसलेला. मेरीला गोवर झाला तेव्हा संसर्गाची पर्वा न करता तो तिच्या खोलीत येत राहिला, असं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. भावांनी तिची उलटतपासणी घेतली, तिला गावाबाहेर हलवलं. जुलै १६४१मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं. म्हाताऱ्याने शेवटी सात हजार पौंड दिलेच. चार्ल्सचा थोरला भाऊ पुढे वारला आणि १६५९मध्ये मेरी वॉरिकची काउंटेस झाली. बापाने ठरवलेल्या एकाही लग्नाने इतका परतावा दिला नसता.

कबरीचं प्रकरण थोडं विस्ताराने सांगतो, कारण राजकारण आणि घर कसं एकमेकांत मिसळलं होतं ते तिथे डोळ्यांना दिसतं. बायको कॅथरीन गेल्यावर बॉईलने डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये तिचं स्मारक उभारलं. एडमंड टिंगम या कारागिराने केलेला हा अनेक मजल्यांचा, काळ्या-पांढऱ्या दगडाचा, रंगवलेला डोलारा. सर्वांत वर तिचे आजोबा वेस्टन, त्याखाली आईवडील फेंटन दांपत्य, मग पहुडलेला अर्ल आणि अर्लीण, आणि खालच्या बाजूला गुडघे टेकलेली मुलं. मधोमध एक छोटा मुलगा आहे, तो रॉबर्ट असावा असं परंपरेने मानतात. दगडात कोरलेली ही वंशावळच. बॉईलकडे स्वतःच्या बाजूने दाखवण्याजोगे पूर्वज नव्हते, म्हणून बायकोचे वर चढवले. आणि जागा निवडली ती कॅथीड्रलच्या पूर्व टोकाची, जिथे वेदी असायची.

१६३३मध्ये नवा राजप्रतिनिधी आला, टॉमस वेंटवर्थ. चर्चची इज्जत आणि चर्चच्या जमिनी परत मिळवायच्या, हा त्याचा आणि आर्चबिशप लॉडचा कार्यक्रम. भक्त गुडघे टेकतात ते देवापुढे की कॉर्कच्या अर्लपुढे, असा सवाल उभा राहिला. बॉईलने लंडनपर्यंत पत्रं धाडली, ओळखी वापरल्या, काही चाललं नाही. स्मारक उतरवून, सुटं करून बाजूला न्यावं लागलं. आज कॅथीड्रलमध्ये गेलात तर ते नेव्हच्या, म्हणजे मुख्य दालनाच्या, पश्चिम टोकाला, आत शिरताच दिसतं. गंमत अशी की वेंटवर्थची पहिली बायको क्लिफर्ड घराण्यातली, म्हणजे बॉईलच्या थोरल्या सुनेची आत्या. ती सोयरीक जुळवायला वेंटवर्थने हातभार लावला आणि त्याच वेळी व्याह्याच्या मानेवर पायही ठेवला. यॉलच्या चर्चसंस्थेचं उत्पन्न बॉईलने बळकावल्याचा खटला चालला आणि १६३६मध्ये १५ हजार पौंड भरून त्याला सुटका करून घ्यावी लागली. बॉईल दोषी होता का? माझ्या मते होता. पण वेंटवर्थने त्याच्यासारख्या सगळ्याच जुन्या वसाहतवाल्यांना एकाच वेळी दुखावलं, ते वेंटवर्थला भोवलं. १६४१मध्ये लंडनला त्याच्यावर खटला झाला, त्यात बॉईलने साक्ष दिली. मे महिन्यात वेंटवर्थचं डोकं उडालं, त्या दिवशीच्या नोंदीत बॉईलने, त्याची तीच लायकी होती, अशा अर्थाचे शब्द घातले आहेत.

त्या विजयाचा आनंद पाच महिने टिकला. ऑक्टोबर १६४१मध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिक उठाव झाला आणि बघता बघता मन्स्टरमध्ये पसरला. कुळं गेली, खंड थांबला. पंचाहत्तरीतला म्हातारा यॉल बंदर धरून बसला. मार्च १६४२मध्ये जिनिव्हाकडच्या पोरांना त्याने लिहिलेलं पत्र वाचण्यासारखं आहे. घरातली चांदी विकून कसेबसे २५० पौंड उभे केले, यापुढे काही पाठवता येणार नाही, आयर्लंडला या नाहीतर हॉलंडच्या फौजेत भरती व्हा. ते २५० पौंडसुद्धा मुलांच्या हाती पडले नाहीत, ज्याच्यामार्फत पाठवले त्याच्याकडेच अडकले. फ्रान्सिस घोडा दामटत आयर्लंडला आला. प्रकृतीने नाजूक रॉबर्ट जिनिव्हालाच गुरूच्या आश्रयाने राहिला.

३ सप्टेंबर १६४२ला लिस्कॅरलच्या लढाईत चार भाऊ एकाच मैदानावर होते. लुईस, लॉर्ड किनलमीकी, तिथे पडला, आणि फ्रान्सिसने त्याचा देह शत्रूच्या हातून सोडवून आणला. त्याच महिन्याच्या अखेरीला जावई बॅरिमोरही गेला. वर्षभराने, १५ सप्टेंबर १६४३च्या सुमारास, यॉलला रिचर्ड बॉईलने डोळे मिटले. राजा आणि कॅथलिक बंडखोर यांचा युद्धविराम त्याच दिवशी झाला. यॉलच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याने हयातीतच दुसरी एक कबर बांधून ठेवली होती, दोन्ही बायकांच्या, आईच्या आणि मुलांच्या मूर्तींसकट. तिथे मात्र त्याला कुणी हलवलं नाही.

‘बाकीच्यांचं काय झालं’ याचं उत्तर आता सोपं आहे. थोरला रिचर्ड राजाच्या बाजूने राहिला, तगला आणि १६६४मध्ये बर्लिंग्टनचाही अर्ल झाला. लंडनचं बर्लिंग्टन हाउस त्याच्यामुळे त्या नावाचं. दुसरा रॉजर (वारलेल्या थोरल्याचंच नाव), लॉर्ड ब्रॉगिल, हा घरातला खरा मुत्सद्दी. राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलचा विश्वासू होता आणि राजा परत आल्यावर ऑररीचा अर्ल, वर नाटकंही लिहायचा. फ्रान्सिस व्हायकाउंट शॅनन झाला. दोन्ही डगरींवर पाय ठेवून घराणं तरलं ते या भावांनी वेगवेगळ्या बाजू धरल्यामुळे, ठरवून असो वा नसो.

आणि रॉबर्ट. बापाचा लाडका, तरी तान्हेपणीच खेड्यातल्या दाईकडे ठेवलेला, कारण नाजूकपणा बापाला खपत नसे. तिसऱ्या वर्षी आई गेली. आठव्या-नवव्या वर्षी ईटनला, बाराव्या वर्षी युरोपात. १६४४मध्ये तो जवळजवळ रिकाम्या हाताने इंग्लंडला पोचला आणि लंडनमध्ये अचानक बहीण कॅथरीनची गाठ पडली. ती उठावाच्या वेळी ॲथलोनच्या वेढ्यात अडकून, सुटून, नवऱ्यापासून दूर लंडनला राहत होती. तिच्या घरी कवी, पार्लमेंटवाले, प्रयोग करणारे अशांची ऊठबस असे. तिच्या मुलाचा शिक्षक कवी मिल्टन होता. रॉबर्टला त्या वर्तुळात तिने आणलं. हवेच्या पंपाचे प्रयोग, १६६२मध्ये छापलेला दाब आणि आकारमान यांचा नियम, हे पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कमी सांगितलं जातं ते असं की या प्रयोगांचा खर्च आयर्लंडमधल्या खंडातून भागत होता, म्हणजे डेस्मंड आणि रॅलेच्या हातून फिरत आलेल्या, आणि चर्चच्या म्हणवणाऱ्या जमिनींवरून. रॉबर्टला त्याची टोचणी होती, असं त्याच्या दानधर्मावरून वाटतं. आयरिश भाषेतला नवा करार १६८१मध्ये आणि जुना करार १६८५मध्ये छापून घ्यायला त्याने पैसे दिले. १६६९ ते १६७७ तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर होता, म्हणजे मुंबई बेट कंपनीला मिळाल्याच्या पुढच्याच वर्षापासून. १६६८पासून तो लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर कॅथरीनच्या घरीच राहिला. लग्न केलं नाही. १६९१च्या डिसेंबरमध्ये ती गेली आणि आठवड्याभरात तोही.

इस्टेटीचं विचाराल तर, थोरल्या शाखेतली शेवटची वारस शार्लट बॉईल हिचं लग्न १७४८मध्ये डेव्हनशरच्या कॅव्हेंडिश घराण्यात झालं आणि लिस्मोरचा किल्ला त्यांच्याकडे गेला. आजही त्यांच्याकडेच आहे. १७५३मध्ये तिचे वडील, वास्तुशिल्पी म्हणून गाजलेले बर्लिंग्टनचे तिसरे अर्ल, वारले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून कॉर्कची पदवी ब्रॉगिलच्या वंशाकडे, ऑररीच्या अर्लकडे, वळली. ‘कॉर्क आणि ऑररीचे अर्ल’ अशी जोड पदवी त्या वंशात अजून चालू आहे. जुनी कागदपत्रं मुख्यतः इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला आणि बरीचशी डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. रोजनिशी एकोणिसाव्या शतकात छापली गेली, ती आधी वाचा. फक्त लग्नाच्या नोंदी वाचताना, पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच जावयाच्या नावावर किती कर्ज चढलं, तेही शोधत चला.